उकंडराव जेवायला येतात

आमदार लोकांच्या घरी कशाला जातो? मतं मागायला. निवडून आला की तो तुमचं गाव विसरतो आणि तुम्ही त्याचं तोंड विसरता, असा सगळीकडचा रिवाज. आमचे उकंडराव निंभोरकर मात्र निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून घरोघर जेवायला निघत. आणि तेही, लक्षात घ्या, ज्यांनी त्यांना मत दिलं नाही त्यांच्याच घरी.

जेवायला म्हणजे ओसरीवर बसून, गूळपाणी घेऊन, 'आता जेवल्याशिवाय जायचं नाही' असा आग्रह होण्याची वाट पाहणं नव्हे. धोतराचा सोगा हातात, वहाणा दारात आणि माणूस थेट चुलीपाशी. "कोन हाय घरात? भाकर असन तं वाढा!"

घरातली बाई आधी दचके, मग पदर सावरी, मग ओळख पटली की तिची आणखीच पंचाईत होई. कारण कालपरवाच तिच्या नवऱ्यानं पारावर उभं राहून या माणसाच्या सात पिढ्या उद्धरलेल्या असत. तो नवरा दुपारी वावरातून घामाघूम होऊन घरी येई, तर आमदारसाहेब त्याच्याच पाटावर मांडी ठोकून त्याच्याच वाट्याचं भरीत चापताहेत! वर त्यालाच म्हणत, "या, बसा ना. लाजता काहून? घर आपलंच समजा."

आणि शेजारच्या पाटावर मी.

मी अमरावतीचा वकील. वकील म्हणजे कोट काळा होता आणि सनद खरी होती. अशील तेवढे यायचे होते. बावन्न साली उकंडराव पहिल्यांदा निवडून आले, तेव्हा त्यांना नागपूरचे इंग्रजी कागद वाचून सांगणारा आणि सभागृहात विचारायचे प्रश्न लिहून देणारा कोणीतरी हवा होता. माझ्या वडिलांनी मला पुढे ढकललं. "रिकामा बसण्यापेक्षा जा. माणूस दिलदार आहे, खाण्यापिण्याचे हाल होणार नाहीत," असं ते म्हणाले होते. हाल झाले नाहीत, हालहाल झाले. माझी प्रकृती जन्माची नाजूक. वरणभात, तूप आणि लिंबाची फोड यापलीकडे ती कधी गेली नव्हती. आणि इथे सकाळी एका गावात कळण्याची भाकरी आणि ठेचा, दुपारी दुसऱ्या गावात पातोडीचा लालभडक रस्सा, दिवस कलता कलता तिसरीकडे रोडगे! हिंगाष्टकाची डबी मी जानव्याइतकी जवळ बाळगत असे. सोवळ्याचं म्हणाल तर ते पहिल्याच महिन्यात सुटलं. आई मला घरात घेताना अंगावर पाणी शिंपडायची, पुढे पुढे तीही कंटाळली आणि "आज कुणाकडे गिळून आलास?" एवढंच विचारू लागली.

कुणी मत दिलं नाही हे यांना कळे कसं, असं तुम्ही विचाराल. अहो, मतं मोजताना गावागावाच्या पेट्यांवरून अंदाज येतोच. आणि गावात एकदा कळलं की आपल्याला इथे मार पडला, की माणूस हुडकायला किती वेळ लागतो? जो आपल्याला बघून सगळ्यात लांबून रामराम करतो, तो. उकंडराव त्याचंच घर धरत.

त्यांच्या नावाचीही एक गंमत आहे. पुण्यामुंबईचे लोक 'उकंडराव' ऐकून तोंडावर रुमाल धरत. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून हे जन्मले तसे आईनं त्यांना उकिरड्यावर लोळवलं आणि 'हे कुणीतरी टाकलेलं पोर आहे, मी आपलं उचलून आणलं' असा देवाला चकवा देऊन घरात घेतलं. आमच्या वऱ्हाडात असे उकंडराव, उकर्डाजी गावोगाव आहेत. मुंबईत एका बड्या असामीनं "नाव बदलून का घेत नाही?" असं विचारलं, तेव्हा हे म्हणाले, "बदलतो ना. पन देवाले समजलं मी कोन हाय तं, मतदारसंघाले तुमी सांभाळसान काय?"

सभागृहात ते फार बोलत नसत. पण बोलले की कामकाज काही वेळ थांबे. नागपूरच्या त्या सभागृहात निम्मे सभासद जबलपूर-रायपूरकडचे हिंदीवाले, निम्मे आपले. उकंडराव वऱ्हाडी बोलत. हिंदीवाल्यांना वाटे हे मराठी आहे, मराठीवाल्यांना वाटे यात बरंच हिंदी आहे, आणि कळे मात्र सगळ्यांना. आमचा मुलूख खारपाणपट्ट्याचा. विहिरीला पाणी लागतं ते खारट. त्या पाण्यावरच त्यांचं पहिलं भाषण झालं. खात्याच्या मंत्र्यांनी 'पाहणी करू' असं ठरावीक उत्तर दिलं. हे उभे राहिले. "अध्यक्ष महाराज, मंत्रीसाहेबानं पाहनी करू नये. जेवाले यावं. आमी सकाळी त्या पान्यात डाळ शिजाले टाकतो. शिजली का निरोप धाडतो. मातर निरोपाची वाट पाहू नये, बाकीचं राज्य चालवत राहावं!"

पुढे राज्य बदललं. नागपूरची राजधानी मुंबईला गेली, आधी गुजरातेसकट, मग गुजरातेशिवाय. मुख्यमंत्री बदलले, सभागृह बदललं, बाकं बदलली. बाकावर उकंडराव तेच. आणि तोंडात 'अध्यक्ष महाराज' तेच. ते तर त्यांच्या जिभेला इतकं चिकटलं होतं की सभागृहाबाहेरही सुटत नसे. न्हाव्याला म्हणत, "अध्यक्ष महाराज, कान सोडून कापा." एस.टी.च्या कंडक्टरला म्हणत, "अध्यक्ष महाराज, अकोट एक." एकदा बैल औताला अडला, तर त्याच्यासमोर उभं राहून, "अध्यक्ष महाराज, हा काय सभात्याग हाय?" बैल निघाला हो!

मी एकदा विचारलं, ही सवय लागली कशी? तर हसले. म्हणाले, पहिल्या भाषणाच्या आधी त्यांना भीतीनं घास उतरेना. बायको जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरात एकुलती एक मुलगी, गोदावरी. परकर नेसायच्या वयाची. वेचणीचा कापूस खोलीत रचलेला होता, आमच्याकडे सगळ्यांच्याच घरी असतो. त्या ढिगाच्या पार टोकावर गोदीला अध्यक्ष म्हणून बसवायचं आणि यांनी खाली उभं राहून भाषण म्हणायचं, असा सराव रोज चाले. "नागपूरचे अध्यक्ष घंटी वाजवतेत," ते म्हणाले, "हे पोट्टी बोंड फेकून मारे. भाषन लांबलं का कपायावर!" आणि मग उगाच चष्मा पुसत बसले.

पण मी जेवणाचं सांगत होतो. वर्षानुवर्षं परक्यांच्या चुलीपाशी बसून माझं पोट पार कामातून गेलं, तेव्हा एकदा मी चिडून म्हणालो, "उकंडराव, ज्यांनी शिव्या दिल्या त्यांचंच खायचं, हे कुठलं राजकारण? एवढं खाऊन त्यातले किती तुम्हाला मत देतात?"

"खाल्लं मी, मत थे काहून देतीन?" ते म्हणाले. "तुमाले उलटं समजून राहिलं, वकील. लोकाले वाटते खानारा बांधल्या जाते. खानाऱ्याचं काय? जेवला, ढेकर देल्ला, इसरला. वाढनारा इसरत नाही. ज्याच्या ताटात आपन भाकर टाकली त्याचं वाईट कोनाच्यानं पाहवत नाही. बाईमानसाच्यानं तं नाहीच नाही."

मी म्हटलं, ही तुमची खेड्यातली फिलॉसॉफी मुंबईत चालायची नाही. चालली! आमच्या नदीवरच्या पुलाचा प्रश्न किती अधिवेशनं लोंबकळत होता कोण जाणे. पावसाळ्यात पलीकडच्या गावांचा संपर्क तुटे, आणि संबंधित मंत्री दरवेळी 'विचाराधीन आहे' म्हणून खाली बसत. एका दुपारी उकंडराव मला घेऊन त्या मंत्र्यांच्या बंगल्यावर गेले. पुढच्या दारी पहारेकरी होता, म्हणून मागच्या दारानं. स्वयंपाकघरात मंत्र्यांची पत्नी नारळ खवत बसली होती. "बाई, भाकर असन तं वाढा." मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. बाईंना वाटलं, माळ्याकडचं कोणी गावाहून आलं असावं. गरीब स्वभावाची बाई. तिनं काही न विचारता भात वाढला, यांना भाताचा घास परका वाटतोय हे पाहून तांदळाची भाकरीही थापली. मंत्रीमहोदय जेवायला आत येतात, तो पाटावर आमदार निंभोरकर! "या साहेब, बसा," हे म्हणाले, "लाजता काहून?"

जेवताना पुलाचा विषय उकंडरावांनी अक्षरानंही काढला नाही. बाईंनीच त्यांच्याकडे गावाकडची चौकशी केली, आणि पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवर घालून नदी कशी ओलांडवतात ते यांनी सांगितलं. बस्स. पुढे त्या मंत्र्यांचा चिटणीस मला हळूच म्हणाला, "साहेबांना हल्ली दोन वेळचं जेवण नकोसं झालंय हो. बाई रोज पहिला घास वाढताना विचारतात, त्या वऱ्हाडातल्या भाऊंचा पूल झाला का?" पूल झाला. अजून आहे.

गावकुसाबाहेरच्या घरीही ते त्याच हक्कानं जेवत. त्यावरून काही पाटील मंडळींनी पंगतीत त्यांच्या शेजारी बसणं सोडलं. "नका बसू," हे म्हणाले, "जागा मोकळी सापडली तं मांडी पसरून जेवतो." असा माणूस! रीतिरिवाज म्हणून काही असतं याची यांना वार्ताच नाही, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो.

पण सबंध मतदारसंघात एक घर असं होतं, की जिथे उकंडराव भाकरीचं सोडा, पाण्याचा थेंब घेत नसत. ते घर त्यांच्या गोदीचं.

सत्तावनच्या सुमारास गोदीचं लग्न झालं. अकोटकडच्या धामणखेडचे संपतराव पाटील हे व्याही, जावई वासुदेव. संपतराव म्हणजे भारदस्त असामी. आजूबाजूची चार गावं त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. वासुदेव शांत, भला मुलगा. बापासमोर मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. आता आमच्याकडे जुनी रीत आहे: लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी जेवायचं नाही. कडक माणसं पाणीसुद्धा पीत नाहीत. गोदीला मूल झालं नाही. वैद्य झाले, अमरावतीचे डॉक्टर झाले, नवससायास झाले. वर्षांमागून वर्षं गेली. आणि सगळ्या जगाच्या चुलीपाशी जाऊन बसणारे उकंडराव लेकीच्या ओट्याच्या आत कधी गेले नाहीत.

धामणखेडवरून जाताना जीप थांबे. हे ओट्यावर बसत. गोदी पाण्याचा लोटा घेऊन बाहेर येई. ते पाणी हे पायांवर घेत, प्यायला नाही. "काय अध्यक्ष महाराज, कामकाज कसं काय हाय?"

"सुरळीत चालू हाय, बाबा."

"मंग आमी सभात्याग करतो." की उठले. गाव मागे पडलं की जीप पहिल्या विहिरीशी थांबवून घटाघट पाणी पीत. खारट तर खारट.

मला राग येई. एकदा मी बोलूनही दाखवलं. "साऱ्या रीती मोडता, आणि ही एक नेमकी पाळता?"

"बाकीच्या मोडल्या तं लोकं मले बोलतेत," ते म्हणाले. "हे मोडली तं तिले बोलतीन."

मग सदुसष्टची निवडणूक आली. उकंडरावांच्या विरुद्ध अकोटचा एक जिनिंगवाला उभा राहिला. हातात पैसा, गाड्या, आणि कापूस विकायला येणारा प्रत्येक शेतकरी ओळखीचा. यंदा सामना अटीतटीचा होता आणि संपतरावांची चार गावं ज्याच्या पदरात, त्याचा गुलाल, हे शेंबडं पोरही सांगत होतं. नेमकी त्याच दिवसांत दुसरी एक बातमी आली. संपतराव वासुदेवासाठी दुसरी मुलगी पाहताहेत. दर्यापूरकडच्या एका पाहुण्याशी बोलणी होत आली आहेत. संक्रांत झाली की गोदीला 'उलसक आरामाले', म्हणजे जरा आरामाला, माहेरी पाठवणार. आराम करायला माहेरी पाठवलेली लेक परत कधी जात नाही, हे काय कुणाला सांगायला पाहिजे?

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "कायद्यानं गुन्हा आहे. पहिली बायको असताना दुसरं लग्न होत नाही आता. आजच नोटीस पाठवतो." वकिलीत मला पहिल्यांदाच नोटीस पाठवायची खरी इच्छा झाली होती.

"नोटीसनं लगन थांबन," उकंडराव म्हणाले. "पन त्या घरात गोदीले भाकर कोन वाढन?"

कार्यकर्ते वेगळंच म्हणत होते. "भाऊ, मतदान होऊ द्या. आता इवायाशी वाजलं तं चार गावं गेली अन् गावासंगं सीट गेली. महिनाभर चूप राहा, मंग पाहू." व्यवहाराचा सल्ला होता, खोटं कशाला बोला? मीही मनात म्हटलं, महिन्याचाच तर प्रश्न आहे. प्रचार चालला होता, सभा होत होत्या, पण उकंडरावांच्या तोंडचं 'अध्यक्ष महाराज' बंद झालं. न्हाव्याकडेही गेले ते मुकाट्यानं, आणि त्यानं कल्ले वरखाली कापले.

आणि एका दुपारी, भलत्याच गावची सभा ठरलेली असताना, ते ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी धामनखेडले घे."

संपतराव ओट्यावर चारसहा माणसांत बसले होते. "या इवाई," म्हणत त्यांनी सतरंजीवर जागा केली. उकंडराव बसले नाहीत. वहाणा काढल्या, सोगा हातात धरला आणि ओटा ओलांडून सरळ आत. मी मागोमाग धावलो. न धावून सांगतो कुणाला?

गोदी चुलीपुढे भाकरी थापत होती. उकंडराव पाट ओढून बसले. "गोदे, भाकर असन तं वाढ."

गोदीचे हात पिठातच राहिले. तव्यावरची भाकरी धुरायला लागली तरी तिला भान नव्हतं. विहीणबाई माजघरातून धावत आल्या. "अवं बाप्पा! इवाईबुवा, हे काय करून राहिले? नातवाचं तोंड पाह्यलं नाही अजून, अन् जेवाले बसले? रीतभात हाय का नाही?"

"रीत मले माहीत हाय, इहीनबाई." आवाज असा की ओट्यावरच्यांनाच काय, पारावरच्यांनाही ऐकू जावा, सभा गाजवणारा गळा तो. "लेकीचं घर वसलं का बापानं तिच्या घरी जेवाचं, हेच ना रीत? माह्या लेकीचं घर कईचंच वसलं. मीच बह्याड, इतके वर्सं भायेरून उपाशी गेलो. मी नातवाची वाट पाहून नाही राहिलो. झाला तं झाला, नाही तं नाही. हे घर माह्या गोदीचं हाय, अन् मी गोदीच्या घरी जेवाले आलो. वाढ माय."

संपतराव दारात येऊन उभे होते. चेहरा लाल. दुसरीही एक रीत आहे आमच्याकडे, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती: व्याही पाटावर बसला की त्याला एकट्याला जेवू द्यायचं नसतं. एकटा जेवला तर सोयरीक तुटली म्हणून समजा. संपतराव बसले तर सून कबूल, नाही बसले तर उद्या गाडी जुंपून गोदी माहेरी. गोदी खाली मान घालून उभी होती. वासुदेव बापाच्या मागून पुढे झाला, आणि जन्मात पहिल्यांदा बापासमोर बोलला. "बाबा, पाट मांडतो तुमचा." मांडलाही.

संपतरावांनी मुलाकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली आणि जड अंगानं पाटावर बसले. "सूनबाई," ते म्हणाले, "मलेही वाढ."

मुगाची डाळ होती, खाऱ्या पाण्यात जेमतेम शिजलेली. अंबाडीची भाजी, ठेचा. गोदीनं बापाला चांगली भाकरी वाढली. त्यांनी ती संपतरावांच्या ताटात सरकवली आणि तव्यावरची करपलेली मागून घेतली. कुठेही जेवायला बसले की घरच्या बाईची, भाजीची, चुलीची तारीफ करणारा हा माणूस त्या दिवशी नुसता भाकरी मोडत राहिला. डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा "ठेचा जयाय तिखट हाय," म्हणाले. ठेच्याला त्यांनी हातही लावला नव्हता. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि हिंगाष्टकाच्या डबीची आठवणसुद्धा झाली नाही.

हात धुताना संपतराव म्हणाले, "त्या दर्यापूरच्या पाहुन्याले मी नाही म्हनून सांगतो. आजच सांगतो." मग हात पुसत म्हणाले, "पन इवाई, मत नाही देनं होत. थो शब्द मी जिनवाल्याले देऊन बसलो. भाकरीचं भाकरीजागी, मताचं मताजागी."

"मी मत मांगतलं काय?" उकंडराव म्हणाले. "जेवाले आलतो." आणि दोघं असे खदखदून हसले की विहीणबाईही पदराआड हसल्या. मला मात्र हसू येईना. चार गावं डोळ्यांदेखत गेली होती.

संपतराव शब्दाचे पक्के. चारही गावांनी जिनवाल्याला उचलून धरलं, शिवाय 'निंभोरकरानं रीत बुडवली' म्हणून आणखी दोन-तीन गावची जुनी खोडं फिरली. उकंडराव पडले. मोजणीच्या जागी गुलाल उधळला जात होता. हे गर्दीतून वाट काढत जिनवाल्यापाशी गेले, त्याला हार घातला आणि म्हणाले, "तुमी काही मले मत देल्लं नसन. मंग जेवाले कवा येऊ?" तो बिचारा इतका गोंधळला की घरचा पत्ता सांगू लागला.

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीहून एस.टी.नं त्यांच्या गावी गेलो. जीप आता नव्हती. ओट्यावर नेहमीची गर्दीही नव्हती. उकंडराव एकटेच बसले होते. मी शेजारी बसलो. ऊन चढलं. चहा येईना, पाणी येईना. उठून आत डोकावलो आणि चरकलोच. इतक्या वर्षांत मी त्यांच्याबरोबर शेकडो चुलींपाशी बसलो असेन, त्यांची स्वतःची चूल कधी पाहिली नव्हती. ती पार विस्कटलेली होती, आणि आत मांजर व्यालं होतं. कोनाड्यात मुरमुऱ्यांचा डबा आणि गुळाची ढेप. गोदी सासरी गेल्यापासून त्या घरात चूल पेटलीच नव्हती. मी बाहेर येऊन बसलो. मनात म्हटलं, मूर्खा, तुला ते नुसतं राजकारण वाटत होतं!

"चला," मी उसन्या उत्साहानं म्हणालो, "आता तर जेवायला सारा मतदारसंघ मोकळा आहे. कुठून सुरुवात करायची?"

"पाय उचलत नाही, वकील," ते म्हणाले. असं ते कधी बोलले नव्हते.

एवढ्यात खडखडाट करत एक छकडा येऊन थांबला. वासुदेव हाकत होता. गोदी खाली उतरली. काखेत पिठाचं गाठोडं, हातात सरपणाचा भारा. ती तरातरा आत गेली. थोड्या वेळानं मांजराची पिल्लं टोपलीतून ओट्यावर आली, मग चुलीतली राख बाहेर पडली, आणि मग कौलांतून धूर निघू लागला. वासुदेव बैलांना वैरण टाकत होता. उकंडराव त्या धुराकडे बघत होते.

आतून हाक आली, "बाबा, जेवाले चला."

उकंडराव हलले नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी म्हणालो, "उकंडराव, गोदीताई बोलावताहेत."

"आयकलं," ते म्हणाले. "लग्नाच्या पंगतीत बोलावतेत, थे आमदाराले बोलावतेत. बाकी कितीक वर्सं झाले, मी मांगूनच खाल्लं. कोनी नाही म्हनलं नाही. पन 'चला, जेवाले चला' असं म्हनाले घरात मानूस लागते, वकील. थांबा उलसक."

आणि ते आत तोंड करून ओरडले, "काय म्हनलं गोदे? आयकू नाही आलं!"

"जेवाले चला म्हनलं, बाबा! भाकर थंडी होऊन राहिली!"

तेव्हा कुठे ते उठले.